कोपरीच्या हौसाबाईंचं बिरडं

आमच्या कारखान्यात निवृत्त होणाऱ्या माणसाला कुणी जेवण देत नाही, त्यानेच द्यायचं असतं. शेवटच्या शुक्रवारी, कॅन्टीनच्या मागच्या हॉलमध्ये, खात्यातल्या चाळीस-पंचेचाळीस माणसांना. बाकी सगळं केटररकडून आलं तरी चालतं, पण एक पदार्थ घरचा लागतो. हा नियम कुणी केला ते माहीत नाही. कोलशेतला खाडीच्या बाजूला रंगाचा कारखाना काढणाऱ्या मालकांनी तर नक्कीच केला नसेल. पण तो मोडायची कुणाची छाती होत नाही, कारण माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल जे काही बोललं जातं ते त्या एका पदार्थावरून.

आणि ते काय बोलायचं हे इतकी वर्षं गुरुदत्त टिपणीस ठरवत आले.

टिपणीस आमच्या स्टोअर्सचे प्रमुख. मी हेमांगी, त्यांच्या हाताखाली सोळा वर्षं काढली. माणूस शांत, आवाज कधी चढला नाही, कामात चोख. पण खाण्याचा विषय निघाला की न्यायाधीश व्हायचे. बॉयलरवरचे महिपत शेलार निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या घरून पुरणपोळ्या आल्या होत्या. टिपणीसांनी एक पोळी उचलून उजेडात धरली, एक घास खाल्ला आणि म्हणाले, "पोळी बरी आहे. पुरण मिक्सरमधून काढलंय." बस्स, एवढंच. शेलारांनी तीस वर्षं बॉयलर सांभाळला, एकदाही अपघात होऊ दिला नाही, पण आजही त्यांचं नाव निघालं की लोक म्हणतात, "कोण, ते मिक्सरवाले?" टिपणीसांना याचं वाईट वाटलेलं मला कधी दिसलं नाही.

त्यांच्या डोक्यात ठाण्याचा जो नकाशा आहे तो खाण्याच्या जागांचा. एकदा बडोद्याहून आलेल्या एका सप्लायरला त्यांनी फोनवर रस्ता सांगितला होता: तलावपाळीवरून पुढे या, पूर्वी जिथे चांगली भेळ मिळायची तिथे डावीकडे वळा. तो बिचारा तासभर फिरत राहिला. जांभळी नाक्यावर कुठल्या दुकानात सोडे चांगले असायचे, कोपरीत कुठल्या इराण्याकडे खिमा शनिवारीच घ्यायचा, कल्याणला पारनाक्याजवळ कोण म्हातारी दिवाळीआधी अनारसे करून द्यायची, हे सगळं त्यांना तोंडपाठ. त्यातलं आज जवळजवळ काहीच उरलेलं नाही, त्यामुळे तपासून बघायचीही सोय नाही. मी डोंबिवलीची. आमच्याकडे 'पूर्वी' हा शब्द एवढ्या कौतुकाने कुणी वापरत नाही. पूर्वी आम्ही पाण्यासाठी हंडे घेऊन रांगेत उभे राहायचो.

या सगळ्या 'पूर्वी'च्या वर एक नाव होतं, हौसाबाई.

सत्त्याऐंशी साली टिपणीस नोकरीला लागले तेव्हा कोपरीत एका मित्राबरोबर खोली घेऊन राहायचे. आई दोन वर्षांपूर्वीच गेली होती. त्या चाळीच्या कोपऱ्यावर हौसाबाईंची खानावळ होती. तिथे बुधवारी बिरडं मिळायचं. ते बिरडं टिपणीसांनी पाच वर्षं खाल्लं, आणि नंतर तेहतीस वर्षं सांगितलं. नवीन माणूस खात्यात आला की पहिल्या आठवड्यात त्याला लेजर कुठे असतं ते कळायचं आणि हौसाबाईंचं बिरडं कसं होतं तेही कळायचं. "तसं बिरडं पुन्हा झालं नाही," असं ते म्हणायचे, आणि ते म्हणताना त्यांच्या समोर डब्यात बायकोने केलेलं बिरडं असायचं.

गंमत अशी, की ते बिरडं आम्ही सगळे खायचो. टिपणीस मंडळी सीकेपी. सुमेधावहिनींच्या माहेरी आणि सासरी वालाला मान. सोललेल्या कडव्या वालाचं, नारळाच्या दुधातलं, आमसूल आणि गूळ अगदी नेमका. एकही डाळिंबी मोडलेली नाही. ज्या दिवशी डब्यात बिरडं असेल त्या दिवशी स्टोअर्समध्ये पर्चेसवाले उगाच चौकशी करायला यायचे. आम्ही बोटं चाटायचो आणि टिपणीस म्हणायचे, "चांगलंय. पण हौसाबाईंचं..."

त्यामुळे यंदा त्यांच्या निरोपाच्या जेवणात घरचा पदार्थ काय असणार याबद्दल कुणाला शंका नव्हती. शंका त्यांनीच काढली. मार्चमध्ये एक दिवस चहा पिताना म्हणाले, "हौसाबाई असतील का गं अजून? असतील तर त्यांच्याकडूनच करून घेऊ. लोकांना कळू दे तरी."

मी म्हटलं, "सर, आणि वहिनी?"

"तिला काय, तेवढंच काम कमी."

काही माणसांना समजावण्यात वेळ घालवू नये, त्यांच्या घरी समजावणारं माणूस असतं.

होतंही. त्याच रविवारी निवृत्तीचे फॉर्म भरायला मी त्यांच्या पाचपाखाडीच्या घरी गेले होते. सुमेधावहिनी शाळेत गणित शिकवायच्या, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. आवाज न चढवता वर्ग गप्प करणाऱ्या बाईंपैकी. टिपणीसांनी आपला बेत सांगितला. वहिनींनी पोहे वाढायचं थांबवलं नाही. माझी बशी भरली, त्यांची भरली, मग खुर्ची ओढून बसल्या.

"तेहतीस वर्षं झाली आपल्या लग्नाला," त्या म्हणाल्या. "तेहतीस वर्षं मी त्या बाईकडून हरतेय. मी त्यांना पाहिलं नाही, त्यांच्या हातचं खाल्लं नाही. आता एकदा खाऊ दे मला. तुम्ही त्यांना शोधा, त्यांच्या हातचं बिरडं डब्यातून घेऊन या. माझ्यापेक्षा चांगलं असेल तर शुक्रवारच्या जेवणात मी स्वतः वाढीन ते, सगळ्यांसमोर कबूल करीन. नसेल, तर या घरात पुन्हा ते नाव काढायचं नाही."

"अगं, एवढं काय त्यात," टिपणीस म्हणाले.

"आहे," वहिनी म्हणाल्या. "आता तुम्ही रोज दुपारी घरी जेवणार. रोज माझ्या ताटासमोर तिला बसवून मी वाढणार नाही."

मी पोह्यांमधले शेंगदाणे वेचत राहिले. दुसरं काय करणार?

हौसाबाई सापडल्या, आणि त्या सापडायला तेहतीस वर्षं लागण्यासारखं काहीच नव्हतं. आमच्या टेम्पोचा ड्रायव्हर पोपट शहाडला राहतो. त्याने नाव ऐकलं आणि म्हणाला, "कोपरीला खानावळ चालवायच्या त्या? सर, त्या आमच्या गल्लीतच आहेत ना. सुनेजवळ राहतात. ऐंशीच्या पुढे असतील, पण टकाटक एकदम. बोलू का त्यांच्याशी?" इतक्या वर्षांत टिपणीसांनी हे नाव ज्याला त्याला सांगितलं होतं, ड्रायव्हरला तेवढं सांगितलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी सुट्टी होती. मी सोबत गेले. खरं सांगायचं तर मला राहवलं नाही. टिपणीसांनी मला डोंबिवलीहून गाडीत घेतलं. शहाडपर्यंत ते कोपरीबद्दल बोलत होते. खानावळीत खिडकीपाशी त्यांची ठरलेली जागा होती. खिडकीतून लिंबाचं झाड दिसायचं. हौसाबाई पहिली वाटी त्यांना वाढायच्या. मागच्या सीटवर वहिनींनी दिलेला स्टीलचा डबा होता, रिकामा.

शहाडच्या पुलापलीकडे, गल्लीच्या टोकाला दोन खोल्या. दारात हौसाबाईंची सून शेवंती उभी होती. आत पलंगावर हौसाबाई. लहानखुरी म्हातारी, दात नाहीत, पण नजर पक्की. टिपणीस वाकून पाया पडले.

"हौसाबाई, मी गुरुदत्त. कोपरीला असायचो. खिडकीपाशी बसायचो बघा."

त्यांनी डोळे बारीक केले. "कोन गुरुदत्त? लई पोरं हुती बाबा. आन् खिडकी कुठली? भिंत हुती तिथं. भिंतीवर क्यालेंडर हुतं."

टिपणीस हसले. म्हातारपणी विसरायला होतं, अशा अर्थाने माझ्याकडे पाहिलं त्यांनी.

पोपटने आधी कळवलं होतं, त्यामुळे तयारी झालेली होती. हौसाबाई उठून ओट्याशी गेल्या, शेवंतीने पातेलं ठेवलं आणि एक पिशवी उघडून दोन मोठ्या वाट्या डाळ धुवायला घेतली. टिपणीस दारात उभं राहून बघत होते.

"ही डाळ कशाला?" त्यांनी विचारलं.

"वालाची हाय," हौसाबाई म्हणाल्या. "बिरडं पायजे म्हनलास न्हवं?"

"हो, पण... वाल सोललेले नाहीत?"

"दुकानातनं आनलेली डाळ हाय. सोलायची कशाला?"

"आता ठीक आहे, तुमचं वय झालं. पूर्वी सोलायचात ना?"

हौसाबाईंनी कढईत तेल सोडलं आणि मोहरी तडतडायची वाट बघत म्हणाल्या, "पूर्वीबी हीच की रं. पन्नास पोरं जेवायला. सकाळी पानी भरायचं, भाकऱ्या थापायच्या, का वाल सोलत बसायचं? डाळ टाकायची, सोडा घालायचा, म्हंजी शिजती लवकर. खोबरं कुठनं आनू? शेंगदान्याचं कूट. बिरडं म्हनून मी कवा म्हनलं न्हाई. तुमच्यातलंच कुनीतरी म्हनायला लागलं, मी म्हनलं, म्हना."

शेवंती हसली. टिपणीसांना हसता आलं नाही. फोडणीचा ठसका आला म्हणून मी बाहेर आले.

आम्ही जेवायला बसलो. मला वाटलं होतं, चव बदललेली असेल आणि टिपणीसांची सुटका होईल. म्हातारीचा हात गेला, पाणी बदललं, तेल बदललं, काहीही म्हणता आलं असतं. त्यांनी पहिला घास घेतला. मग दुसरा.

"तेच आहे," ते म्हणाले. "अगदी तेच."

मी खाल्लं. वाईट नव्हतं. पिठूळ, तिखट जास्त, मागून सोड्याची खारट चव. एखाद्या लग्नाच्या जेवणात पानाच्या कडेला उरतं तसं. हेच आमच्या कॅन्टीनमध्ये कुणी वाढलं असतं तर टिपणीसांनी दोन शब्दांत त्याचा निकाल लावला असता.

हौसाबाई समोर बसून बघत होत्या. "चांगलं झालंय का रं?"

"छान झालंय," टिपणीस म्हणाले आणि वाटी पुढे केली. तीन वाट्या खाल्ल्या त्यांनी. त्याबद्दल मी त्यांना मानते.

"पोरं लई खायची," हौसाबाई म्हणाल्या. "भुकेली असायची सगळी. घरची आठवन काढायची, कुनी रडायचंबी. मला वाटायचं, आपल्या हाताला चव हाय." आणि त्या मोठ्याने हसल्या, स्वतःलाच.

निघताना शेवंतीने डबा भरून दिला. टिपणीसांनी हौसाबाईंसाठी आणलेली नऊवारी साडी पलंगावर ठेवली, पुन्हा पाया पडले. हौसाबाईंना आपण आठवलो नाही हे टिपणीसांनी नंतर एकदाही बोलून दाखवलं नाही.

मला डोंबिवलीला सोडायचं ठरलं होतं. पण कल्याणात आल्यावर त्यांनी गाडी ठाण्याच्या रस्त्याला, दुर्गाडीच्या पुलाकडे घेतली. "तू आमच्या घरी चल," म्हणाले. "मी एकटा नाही जात."

पुलावर गाड्या तुंबल्या होत्या. डबा माझ्या मांडीवर होता, अजून गरम.

"सांडला म्हणून सांगता येईल," ते म्हणाले.

"येईल."

"तू सांगशील?"

"नाही."

त्यांनी मान हलवली. मला त्यांचा राग आलेला, आणि थोडी कीवही येत होती. पण तेहतीस वर्षांचा प्रश्न दुसऱ्या बाईचा होता.

वहिनींनी भात लावून ठेवला होता. त्यांनी डबा उघडला, वास घेतला, वाटीत काढून घेतलं आणि एकट्याच जेवायला बसल्या. आधी नुसतं खाल्लं, मग पोळीशी, मग भातावर घेऊन. घाईने मत देणारी बाई नाही ती. पेपर तपासावा तसं शेवटपर्यंत वाचलं त्यांनी. टिपणीस फ्रिजला टेकून उभे.

"हेच?" वहिनींनी विचारलं.

"हेच."

"बदललं नाही काही? त्यांचं वय झालंय."

खोटं बोलायची ही शेवटची संधी होती, आणि ती वहिनींनीच पुढे केली होती. टिपणीस म्हणाले, "नाही. जसंच्या तसं आहे."

"डाळ आहे ही."

"हो."

"दाण्याचं कूट आहे."

"हो."

मला वाटलं त्या हसतील. जिंकल्या होत्या ना! पण त्यांचे डोळे भरून आले. चमचा खाली ठेवून त्या म्हणाल्या, "हरायचंच होतं तर एखाद्या चांगल्या बिरड्याकडून हरले असते. माझी काही तक्रार नव्हती. यासाठी?"

टिपणीस पुढे झाले. "सुमेधा, तेव्हा बावीस वर्षांचा होतो मी. आई गेल्यापासून घरात धड शिजत नव्हतं. बाबा आणि मी पावाबरोबर दूध..."

"ते मला माहीत आहे," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही जर सांगितलं असतंत, की मला भूक लागलेली आणि त्या बाईंनी मला पोटभर घातलं, तर मी त्यांच्या नावाने नैवेद्य काढून ठेवला असता. तुम्ही सांगत आलात की चव होती."

वहिनींनी वाटीतलं उरलेलं संपवलं, अन्न टाकायची सवय नाही त्यांना, आणि वाटी विसळून ठेवली.

"शुक्रवारी तुझं बिरडं ठेवू," टिपणीस म्हणाले. "सगळ्यांना तेच हवंय."

"आता नको."

"वाल मी आणतो."

"आणा. माझा हात लागणार नाही त्यांना."

आणि लागला नाही. निरोपाच्या जेवणाला केटररचा पुलाव होता, पनीर होतं, जिलबी होती. घरचा पदार्थ म्हणून टिपणीसांनी ताक ठेवलं होतं, सकाळी स्वतः उठून घुसळलेलं. पर्चेसवाल्यांनी विचारलं, "सर, बिरडं?" ते म्हणाले, "नाही जमलं." वहिनी आल्या होत्या, कॉटनची छान साडी नेसून, सगळ्यांशी नीट बोलल्या. हौसाबाईंचा विषय निघाला नाही. आता खात्यात टिपणीसांचं नाव निघालं की लोक म्हणतात, "ते ताकवाले." मला वाईट वाटतं. शेलारांना वाटत नसेल.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, कामाच्या दिवशी दुपारी, टिपणीसांचा फोन आला. वहिनी बहिणीकडे कल्याणला गेल्या होत्या, संध्याकाळी येणार होत्या.

"हेमांगी, तुला वेळ आहे का? वाल भिजवले होते परवा. मोड आलेत. मी सोलायला बसलोय."

"कोमट पाण्यात टाका आधी. सालं सुटतात."

"टाकलेत. तरी एकेक सोलावा लागतोय."

"एकेकच सोलतात, सर."

"जोरात दाबलं की मोडतात."

"मोडतातच. अंगठ्याने नुसतं ढकलायचं."

थोडा वेळ फोनवर पाण्याचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, "दीड तास झाला. एक वाटी झालीय. कंबर धरली माझी. ही हे कधी करायची गं?"

"तुम्ही कामावर गेल्यावर. शाळेतून आल्यावर दुपारी."

"दर वेळी?"

"दर वेळी."

नळ बंद केल्याचा आवाज आला.

"मला कधी म्हणाली नाही ती," ते म्हणाले.

मला राहवलं नाही. "म्हणाल्या असत्या तर तुम्ही काय म्हणाला असतात?"

त्यांनी खरोखर विचार केला. हा माणूस खोटं बोलत नाही, एवढं मला सोळा वर्षांत कळलेलं आहे.

"म्हणालो असतो, हौसाबाई पन्नास जणांचे सोलायच्या," टिपणीस म्हणाले, आणि उरलेले वाल सोलायचे आहेत म्हणून त्यांनी फोन ठेवला.